प्रोग्रामर जिला नावं ठेवतात, त्याच पीएचपीवर अर्ध्याहून जास्त वेबसाईट चालतात

विकिपीडिया ज्या सॉफ्टवेअरवर चालतो ते पीएचपी या भाषेत लिहिलेलं आहे, आणि मराठी विकिपीडियाही त्यातच आला. वर्डप्रेस पीएचपीतच आहे. २००४ साली फेसबुकही याच भाषेत लिहिलं गेलं. डब्ल्यूथ्रीटेक्सच्या आकडेवारीनुसार, ज्या वेबसाईटची सर्व्हरवरची भाषा ओळखता येते त्यांपैकी ७० टक्क्यांहून जास्त साईट पीएचपी वापरतात.

तरीही प्रोग्रामर लोकांत पीएचपीचं नाव काढलं की हशा पिकतो. असं का?

मुळात ही भाषा म्हणून जन्मलीच नाही. १९९४ साली रासमुस लेरडोर्फ या प्रोग्रामरला आपला ऑनलाईन बायोडेटा कोण बघतं ते मोजायचं होतं. त्यासाठी त्याने सी भाषेत काही छोटे प्रोग्राम लिहिले आणि १९९५ मध्ये ते लोकांना फुकट दिले. नाव ठेवलं ‘पर्सनल होम पेज टूल्स’. लोकांना ते आवडलं, मागण्या वाढल्या आणि झोपडीवर मजले चढत गेले.

त्याच्या खुणा अजून दिसतात. काही फंक्शनच्या नावात अंडरस्कोर आहे, काहींत नाही. एका फंक्शनला ‘कुठे शोधायचं’ ते आधी सांगावं लागतं, दुसऱ्याला ‘काय शोधायचं’ ते. कहर म्हणजे, सुरुवातीच्या काळात फंक्शनची वर्गवारी नावाच्या लांबीवरून व्हायची, म्हणून मुद्दाम कमी-जास्त लांबीची नावं ठेवली गेली, असं खुद्द लेरडोर्फनेच नंतर सांगितलं.

‘शून्य आणि आंबा हा शब्द सारखेच का?’ असं विचारलं तर पीएचपी ‘हो’ म्हणायची! शब्दात आकडा सापडला नाही की ती तो शून्य धरायची. हे २०२० मध्ये, आठव्या आवृत्तीत सुधारलं.

हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं ते सुरक्षेचं प्रकरण. जुन्या आवृत्त्यांत वेबसाईटच्या पत्त्यापुढे कोणीही काही टाईप केलं, तर ते थेट प्रोग्रामच्या आत जाऊन बसायचं. कोड निष्काळजीपणे लिहिलेला असेल, तर पत्त्यापुढे ‘अॅडमिन=१’ जोडून एखादा भामटा साईटचा मालक होऊ शकत होता. ही सोय २००२ मध्ये आपोआप चालू राहणं बंद झालं. पूर्णपणे काढून टाकायला २०१२ उजाडलं.

मग लोकांनी ती सोडली का नाही? कारण तिच्याइतकं सोपं काही नव्हतं. स्वस्तातलं होस्टिंग घ्यायचं, फाईल अपलोड करायची, साईट सुरू! कॉम्प्युटरची पदवी नसलेल्या हजारो लोकांनी यावर दुकानं, शाळा, संस्थांच्या साईट बांधल्या. साहजिकच कच्चा कोडही ढिगाने तयार झाला. म्हणजे जिच्यामुळे पसारा वाढला, त्याच सोपेपणाने बदनामीही आणली.

फेसबुकने तर सगळं नव्याने लिहिण्याऐवजी २०१४ मध्ये पीएचपीवरूनच ‘हॅक’ नावाची वेगळी भाषा काढली. इकडे पीएचपीची सहावी आवृत्ती अर्ध्यात सोडून द्यावी लागली. पण २०१५ च्या अखेरीस थेट सातवी आली आणि अनेक साईटचा वेग जवळपास दुप्पट झाला. आजची पीएचपी बरीच शिस्तीची आहे. तिच्यावरचे निम्मे विनोद आता शिळे झालेत.

खरी अडचण जुन्या आवृत्त्यांची. ७.४ या आवृत्तीला सुरक्षेचे अपडेट मिळणं नोव्हेंबर २०२२ मध्येच थांबलं, तरी त्यावर चालणाऱ्या साईट आहेत. तुमची वर्डप्रेसची साईट असेल तर डॅशबोर्डमध्ये ‘टूल्स’खाली ‘साईट हेल्थ’ उघडा. तिथे पीएचपीची आवृत्ती दिसते. जुनी निघाली तर आधी बॅकअप घ्या, मग होस्टिंगवाल्याला फोन करा.