एकोणिसाव्या शतकातील समाजजीवनाची पुस्तके कशी वाचावीत?

प्रस्तावना

नवा रायपूरहून नागपूरकडे निघाले, की दुर्गच्या पुढे राजनांदगाव लागते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे बैरागी महंतांच्या संस्थानाचे ठाणे होते. कवी नारायण वामन टिळक नोकरीसाठी नागपूरहून राजनांदगावला जात असता आगगाडीत त्यांची एका युरोपियन प्रवाशाशी गाठ पडली. त्याने त्यांना 'नवा करार' हा ग्रंथ वाचायला दिला. पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

हा प्रसंग मराठी वाचकांच्या मनात राहिला तो मुख्यतः त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक यांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रामुळे. मात्र गाडीतील ती भेट लक्ष्मीबाईंनी स्वतः पाहिलेली नव्हती. मग या पुस्तकाला कोणत्या गोष्टीचा पुरावा मानायचे? या पाठात आपण हाच प्रश्न समजून घेणार आहोत.

तीन काळ

गतकाळाविषयीच्या प्रत्येक पुस्तकाला तीन काळ असतात: घटना घडल्याचा, लेखनाचा आणि प्रकाशनाचा. त्यांतील अंतर जसे बदलते, तसे पुराव्याचे स्वरूपही बदलते. तीन उदाहरणे पाहू.

*स्त्री-पुरुष तुलना (१८८२):* १८८१ मध्ये सुरत येथील विजयालक्ष्मी या तरुण विधवेला नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. ती पुढे सौम्य करण्यात आली, पण वृत्तपत्रांतून विधवांच्या नीतीवर टीका होत राहिली. त्यावर बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी हे पुस्तक लिहिले. येथे घटना, लेखन व प्रकाशन यांत फारसे अंतर नाही. त्यामुळे त्या क्षणाचा संताप आपल्यापर्यंत जसाच्या तसा पोहोचतो. मात्र हा युक्तिवाद आहे, प्रतिपक्षाला दिलेले उत्तर आहे, हे वाचताना विसरू नये.

*माझा प्रवास (१९०७):* वरसईचे विष्णुभट गोडसे द्रव्यार्जनासाठी उत्तरेकडे गेले आणि १८५७ च्या बंडात सापडले. झाशीचा पाडाव त्यांनी पाहिला. लेखन मात्र त्यांनी सुमारे पंचवीस वर्षांनी केले, आणि चिंतामण विनायक वैद्य यांनी ते १९०७ मध्ये संपादित करून छापले. संपादनात मूळ मजकुरात बदल झाले होते. मूळ हस्तलिखितावर आधारलेली आवृत्ती दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ मध्ये सिद्ध केली. म्हणून येथे लेखकाबरोबर संपादकालाही प्रश्न विचारावे लागतात.

*स्मृतिचित्रे (१९३४ पासून):* यातील बराच भाग १८८० ते १९०० या काळाचा आहे, पण लेखन उतारवयातले आहे. शेवटचा भाग लक्ष्मीबाईंच्या मृत्यूनंतर त्यांचे पुत्र देवदत्त यांनी पूर्ण केला.

आठवणीतून काय मिळते?

चाळीस वर्षांनी आठवलेले संवाद शब्दशः खरे मानता येत नाहीत. ऐकीव प्रसंग तर त्याहून सावधपणे वाचावा लागतो. राजनांदगावच्या गाडीतील संभाषण हे टिळकांनी सांगितलेले आणि कुटुंबात पुन्हापुन्हा उजळलेले असणार.

परंतु लक्ष्मीबाई काही गोष्टींच्या प्रत्यक्ष साक्षीदार आहेत. १८५७ नंतर घराण्यातील एका वडीलधाऱ्याला फाशी झाली. त्याचा धसका घेतलेल्या वडिलांचे सोवळे किती विकोपाला गेले, हे त्यांनी लहानपणी सोसले. पतीच्या धर्मांतरानंतर लहान मुलाला घेऊन नातेवाइकांच्या आधाराने काढलेली वर्षेही त्यांची स्वतःची आहेत. नवरा जिवंत, पण संसार मोडलेला. विधवा नाही आणि सवाष्णही म्हणवत नाही, अशा स्त्रीला पंगतीत कुठे बसवायचे, हा त्या समाजापुढचा खरा पेच होता. सरकारी कागदपत्रांत धर्मांतराची नोंद मिळेल, हा पेच मिळणार नाही.

टिळकांकडे परतल्यावरही लक्ष्मीबाईंनी आपले सोवळे लगेच टाकले नाही. कोणाच्या हातचे पाणी प्यायचे, चूल वेगळी ठेवायची का, या रोजच्या प्रश्नांतून त्यांचे मन हळूहळू बदलले आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. इतिहासाच्या पुस्तकात 'समाजसुधारणा' हा एक शब्द असतो. येथे तीच गोष्ट स्वयंपाकघरात, दिवसागणिक घडताना दिसते.

कोण दिसत नाही?

वरील तिन्ही लेखक साक्षर होते. राजनांदगावच्या स्टेशनावरचा हमाल, शेतमजूर स्त्री किंवा छत्तीसगढी बोलणारा शेजारी यांनी त्या काळाविषयी काय लिहिले असते, हे या पुस्तकांतून कळत नाही. साक्षर लेखकांचेही सगळे टिकते असे नाही. जोतीराव फुले यांनी १८८५ मध्ये 'सत्सार'मधून ताराबाईंची बाजू घेतली होती, तरी त्यांचे पुस्तक पुढे विस्मरणात गेले. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणले. कोणते पुस्तक उरते हेदेखील समाजच ठरवतो.

सारांश

पुस्तक 'खरे की खोटे' एवढाच प्रश्न पुरेसा नाही. लेखकाने काय पाहिले, काय ऐकले, किती वर्षांनी लिहिले आणि मजकूर कोणाच्या हातून आपल्यापर्यंत आला, हे वेगवेगळे तपासावे. एकच पुस्तक एका घटनेसाठी दुबळा आणि दुसऱ्या अनुभवासाठी अत्यंत भक्कम पुरावा असू शकते.

स्वाध्याय

१. 'स्मृतिचित्रे'तील कोणताही एक प्रसंग निवडून त्यातील पाहिलेला व ऐकलेला भाग वेगळा करा.

२. संपादनामुळे 'माझा प्रवास'च्या ऐतिहासिक मूल्यावर कोणता परिणाम होतो?

३. आपल्या घरातील वृद्ध व्यक्तीची एक आठवण लिहून घ्या व तिला तीन काळांची कसोटी लावा.