नर्सिंग होममध्ये आजी पडल्या, तर?

गिरगाव-दादर-लालबागकडे नर्सिंग होम म्हणजे दहा-पंधरा खाटांचे खासगी रुग्णालय. चाळीतल्या दोन खोल्यांत अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाचे करणे जमेनासे झाले, की काही कुटुंबे त्यांना तेथे किंवा एखाद्या शुश्रूषा केंद्रात महिनोन्‌महिने ठेवतात. मग एके दिवशी फोन येतो, "आजी पडल्या." नातेवाईक माझ्याकडे येतात ते दोन प्रश्न घेऊन: हे टळले असते का, आणि आता आम्हाला काही करता येते का?

वृद्ध माणसे पुष्कळदा रात्री लघवीसाठी उठताना पडतात. झोपेची गोळी, रक्तदाबाची गोळी, प्रोस्टेटची गोळी यांमुळे उभे राहताच रक्तदाब उतरतो व डोळ्यांपुढे अंधारी येते. झोपवून एकदा आणि उभे करून एकदा रक्तदाब मोजला तर हे आधीच कळते. पाच मिनिटांचे काम, पण ते सहसा कोणी करीत नाही. शिवाय पन्नास वर्षे ज्या हाताने घरातली भिंत चाचपली, त्या हाताला नव्या खोलीत दार सापडत नाही. म्हणून खाट बुटकी, रात्री मंद दिवा, घंटा हाताशी आणि झोपण्यापूर्वी लघवीला नेऊन आणणे, एवढे हवेच. खाटेला कठडे लावले म्हणजे झाले असे समजू नका. गोंधळलेला रुग्ण कठड्यावरून चढतो आणि अधिक उंचीवरून पडतो. हातपाय बांधणे तर त्याहून वाईट.

पडल्यावर पाय आखूड व बाहेरच्या बाजूला वळलेला दिसला तर खुब्याचे हाड मोडले असे समजावे. चोळू नये, चालवून पाहू नये. प्रकृती झेपणारी असेल तर शस्त्रक्रिया शक्यतो दोन दिवसांत व्हावी. डोक्याला मार बसला असेल आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर लगेच सीटी स्कॅन करून घ्यावा. मेंदूभोवतीचा रक्तस्राव कधी कधी दोन-तीन आठवड्यांनी बोलतो. आजी अचानक सुस्त झाल्या तर 'वयोमानाने' म्हणून सोडून देऊ नका.

आता कायद्याचे. प्रत्येक पडणे हा निष्काळजीपणा नव्हे, हे प्रथम मान्य करा. पडण्याचा धोका माहीत होता का, आणि तो ओळखून काय केले, हा खरा प्रश्न. आधी एकदा पडलेल्या रुग्णाला रात्री एकटे सोडले असेल, तर उत्तर देणे रुग्णालयाला जड जाते. दाखल करताना 'सर्व जबाबदारी नातेवाइकांची' अशा कागदावर सही घेतात. त्या सहीने रुग्णालयाचे काळजी घेण्याचे कर्तव्य संपत नाही. ब्युरोची बाई तुम्ही स्वतः ठेवली असेल तर मात्र ब्युरोलाही जाब विचारावा लागतो.

कागद आधी मिळवा. लेखी मागणी केल्यापासून ७२ तासांत केसपेपर द्यावेत, असा भारतीय वैद्यक परिषदेचा २००२ चा नियम आहे. परिचारिकांच्या नोंदींची प्रतही मागा. पडल्याची वेळ आणि डॉक्टर किती वाजता आले, हे त्यात सापडते. रुग्णालयाची नोंदणी १९४९ च्या नर्सिंग होम कायद्याखाली मुंबईत महापालिकेकडे असते, तेव्हा तक्रार तिच्याकडेही करता येते. या कायद्यात 'नर्सिंग होम' शब्दात आजारी व जखमी यांच्याबरोबर दुर्बल माणसांना ठेवून त्यांचे उपचार व शुश्रूषा करणारी जागाही येते, ही गोष्ट शुश्रूषा केंद्र चालवणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी.

भरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोग आहे. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये शांता खटल्यात ठरवले. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. सेवेपोटी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि वकील नसला तरी चालते. मात्र जेथे सर्वांनाच मोफत उपचार मिळतात, त्या रुग्णालयाविरुद्ध हा मार्ग बंद आहे. केवळ केसपेपरचे नाममात्र पैसे भरले म्हणून तो उघडत नाही. तेथे प्रथम अधिष्ठाता किंवा वैद्यकीय अधीक्षकांकडे लेखी तक्रार करून पोच घ्यावी. भरपाई हवी असेल तर दिवाणी न्यायालयात जावे लागते.