विश्लेषण : जपानी घरात बूट दाराशीच का थांबतात?

जपानी घराच्या दाराशी ‘गेनकान’ असते. ही आतल्या जमिनीपेक्षा थोडी खालची जागा. बूट इथेच काढायचे.

कारण काय?
बसणे-झोपणे तातामी चटयांवरच होत असे. वर लव्हाळ्याची वीण, आत भाताचा पेंढा. तिला चिखल सोसत नाही. शौचालयाच्या सपाताही वेगळ्या.

अमेरिकेत काय?
अनेक घरांत बूट घालूनच वावरतात. पाहुण्याला ते काढायला सांगणे काहींना अवघड वाटते. तिथली पर्यावरण संरक्षण संस्था (ईपीए) मात्र शिसेमिश्रित माती घरात येऊ नये म्हणून तसाच सल्ला देते.

धोका कुणाला?
रांगणाऱ्या मुलांना. जमिनीवरचे हात तोंडात जातात. शिसे मेंदूच्या वाढीला मारक ठरते. उंबऱ्याबाहेर चपला काढण्याची आपली रीत शुचितेपोटी आली. फायदा मात्र तोच.