बोट लागली कुणाला?

मुंबईहून कोकण किनाऱ्याने आगबोटी जात, त्या काळी मालवणात ‘बोट लागली’ या शब्दांचे दोन अर्थ होते. बंदराला बोट लागली तर वळकट्या उचलायच्या, आणि शेजारच्या माणसाला बोट लागली तर त्याला लिंबू हुंगायला द्यायचे. आगबोटी गेल्या, आता घाटात गाडी लागते. भूक, ठेच, नजर, आग, ओहोटी, नोकरी, वेळ, पैसा अशा एकमेकांशी काडीचा संबंध नसलेल्या गोष्टींना ‘लागणे’ हे एकच क्रियापद पुरते. मोल्सवर्थच्या कोशात (दुसरी आवृत्ती १८५७) त्याखाली अर्थांची लांबलचक जंत्रीच आहे. इंग्रजीचा मोठा ऑक्सफर्ड कोश नव्याने संपादित होताना ‘रन’ या क्रियापदाचे ६४५ अर्थ निघाले, याचे कौतुक जगभर झाले. पण असे अर्थ मोजणे मला थोडे फसवे वाटते. ‘लागणे’चे अर्थ दिसायला पुष्कळ असले, तरी मुळात क्रिया एकच आहे: दोन गोष्टी एकमेकींना भिडतात. बाकीचे सारे काम शेजारचे नाम आणि ‘ला’ हा प्रत्यय करतो.

याचा पुरावा गरीच्या, म्हणजे मासे धरायच्या गळाच्या, टोकालाच आहे. ‘गळाला मासा लागला’ असे आपण म्हणतो आणि ‘माशाला गळ लागला’ असेही म्हणतो. दगड पायाला लागतो, तसा पायही दगडाला लागतो. ‘खाणे’ किंवा ‘ओढणे’ यांची अशी उलटापालट करून पाहा. रापणकरांनी जाळे ओढले, जाळ्याने रापणकर ओढले नाहीत. भिडण्याला मात्र दोन टोके असतात, आणि स्थिर मानलेल्या टोकाला आपण ‘ला’ जोडतो. होडी धक्क्याला लागते तेव्हा धक्का स्थिर असतो. भूक मला लागते तेव्हा स्थिर टोक मीच असतो आणि भूक चालून येते. मीठ जिभेला भिडते म्हणून कमी किंवा जास्त लागते. ‘तो तुझा कोण लागतो?’ या प्रश्नात विचारलेले असते ते नात्याने भिडण्याबद्दलच. संस्कृतातला ‘लग्’ धातू चिकटण्याचा, जोडले जाण्याचा आहे. ‘लग्न’ आणि ‘लगत’ त्याच गोतातले. ज्ञानेश्वरीच्या मराठीत ‘लागीं’ म्हणजे ‘साठी’, आणि बांद्यापलीकडे गोव्याच्या कोंकणीत ‘लागीं’ म्हणजे आजही ‘जवळ’.

यावर व्याकरण जाणणारा वाचक म्हणेल की, मासे आणि दगड ठीक आहेत; पण ‘मूल रडू लागले’ आणि ‘मला जावे लागते’ यांत कोण कुणाला भिडले? पहिल्यात आरंभ आहे, दुसऱ्यात सक्ती. आक्षेप वजनदार आहे आणि प्रमाण मराठीपुरते पाहिले तर त्याला उत्तर देणे अवघडच. मालवणी मात्र ते सहज देते. प्रमाण मराठीतल्या ‘ला’च्या जागी मालवणीत ‘क’ येतो: माका, तुका, कामाक, बाजाराक. ‘तो कामाला लागला’ हे मालवणीत ‘तो कामाक लागलो’ असे होते, आणि ‘तो रडू लागला’ हे ‘तो रडूक लागलो’ असे. कामाक आणि रडूक या दोन्हींच्या शेवटी तोच ‘क’ उभा आहे. म्हणजे रडणे हेही कामासारखे एक टोक आहे आणि माणूस त्याला जाऊन भिडतो. प्रमाण मराठीत ‘रडू’ला असा प्रत्यय नाही, म्हणून ‘लागणे’ तिथे सुटे, निव्वळ सहायक क्रियापद वाटते. सक्तीत टोके फिरतात. ‘मला जावे लागते’ची ठेवण ‘मला भूक लागते’ सारखीच आहे. जाणे माझ्यावर चालून येते, मी जागचा हललेलो नसतो. मालवणी ही प्रमाण मराठीची बिघडलेली आवृत्ती आहे, असे अजूनही मानणाऱ्यांनी (असे लोक कमी नाहीत) हा एक ‘क’ तपासून पाहावा.

दुसरा आक्षेप मला अधिक अडचणीचा वाटतो. सगळेच भिडणे असेल, तर भिडणारी प्रत्येक गोष्ट ‘लागायला’ हवी. तसे होत नाही. तहान लागते, धाप लागते, उचकी लागते. पण ताप येतो, थंडी वाजते, आनंद होतो. ऊन लागते आणि राग मात्र येतो. यामागे काटेकोर नियम दाखवता येत नाही, हे मान्य करायला हवे. तरीही मूळ क्रिया कळल्याने एक काम नक्की होते: ऐकलेल्या वाक्याचा उलगडा होतो. मराठी शिकणाऱ्या परप्रांतीयाला ‘ओहोटी लागली’, ‘छंद लागला’, ‘ऊन लागले’ ही वाक्ये वेगवेगळी घोकावी लागत नाहीत. बोलताना कोणते नाम कोणत्या क्रियापदाशी जाते, हे त्याला कानानेच शिकावे लागेल, आणि ते आपणही तसेच शिकलो. काही वाक्यांत तर दुसरे टोक पार झिजून गेले आहे. सिनेमा अजून थिएटरला लागतो, म्हणजे तिथे जागा शिल्लक आहे; पण दहावीचा निकाल लागतो तो कशाला लागतो, हे विचारून उत्तर मिळत नाही. अशा ठिकाणी कोशातली जंत्रीच उपयोगाची.