डोळे मिटलेले, नाक मात्र उघडं

तुंगारेश्वरच्या जंगलात कितीही भटकलात तरी पिशवीवाला प्राणी दिसणार नाही. भारतात तो कुठेच नाही. म्हणून आजच्या विषयासाठी वसईहून थेट ऑस्ट्रेलियात जाऊ; परत येऊ ते मात्र आपल्याच प्रसूतिगृहात.

कांगारूचा एक छोटा भाऊबंद आहे, टॅमार वॉलबी. जेमतेम चार आठवडे गर्भात राहून पिल्लू बाहेर येतं, तेव्हा त्याचं वजन साधारण ०.४ ग्रॅम. म्हणजे एक काबुली चणा! डोळे मिटलेले, मागचे पाय नुसते कोंब. तरी पुढच्या पायांनी आईचे केस धरत धरत ते काही मिनिटांत पिशवी गाठतं आणि सड तोंडात घेतं. आई उचलून ठेवत नाही हो. आणि सड मिळाला नाही, तर पिल्लू जगत नाही.

मग वाट कळते कशी? वर कुठे, हे त्याला जाणवतं. तोंडाजवळच्या कातडीला स्पर्श कळतो. आणि वास. नाकपुड्या उघड्या असतात, वास टिपणाऱ्या पेशी कामाला लागलेल्या असतात, त्यांचे तंतू मेंदूतल्या घ्राणकंदापर्यंत पोहोचलेले असतात. गंमत अशी, की खुद्द घ्राणकंद अजून कच्चा असतो. त्याचे थर जन्मानंतर, पिशवीत पडतात. वायरिंग आधी, घर नंतर! डोळे तर उघडतात चार-साडेचार महिन्यांनी. वासाचा वाटा किती, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. आम्हाला वाटतं, चढण पार होते ती वर-खालीच्या जाणिवेवर. नाकाची खरी गरज शेवटच्या टप्प्यात, सड शोधताना.

माणसाचं बाळ यापेक्षा कितीतरी तयार होऊन येतं, पण पहिलं काम तेच. १९९४ साली 'लॅन्सेट'मध्ये एक साधा प्रयोग छापून आला. आईचा एक स्तन धुतला, दुसरा तसाच ठेवला, आणि नुकतंच जन्मलेलं बाळ मधोमध ठेवलं. ३० पैकी २२ बाळं न धुतलेल्या बाजूला गेली. आपल्याकडे २००७च्या सुमारास युनिसेफ आणि बीपीएनआय महाराष्ट्र यांनी 'ब्रेस्ट क्रॉल'चा, म्हणजे बाळाला आईच्या पोटावर ठेवून स्वतःहून स्तनापर्यंत सरकू देण्याचा, प्रसार केला.

तेव्हा पहिल्या पाजण्याआधी साबणाने स्वच्छ धुवायची घाई नको. बाळाला कोरडं करतानाही हात तेवढे पुसू नका, असं त्यात सांगतात. हातांवर गर्भजलाचा वास असतो, आणि तो बाळाच्या ओळखीचा असतो.