नागपूरला खोली बघायला जाताना

जून लागला की आपल्या गटांच्या बैठकीत हप्त्यांच्या हिशेबाआधी एक विषय निघतोच. कोणाच्या पोरीचा नागपूरला नर्सिंगला नंबर लागतो, कोणाची मिहानमध्ये कामाला लागते, कोणाचं अख्खं बिऱ्हाडच संत्र्याची झाडं वाळली म्हणून निघतं. मग प्रश्न येतो, "तो एरिया कसा आहे वो ताई?" आजचं बोलणं याच प्रश्नावर आहे. कारण "एरिया बरा नाही" एवढ्या तीन शब्दांवर पोरीची नोकरी गेलेली आम्ही पाहिली आहे. आणि "एरिया एकदम पॉश आहे" म्हणून घेतलेली खोली दोन महिन्यांत सोडावी लागली, हेही पाहिलं आहे.

पूर्वी हे सोपं होतं. ओळखीचं कोणी महालात राहायचं, कोणी गड्डीगोदामात, त्यांच्याच शेजारी खोली मिळायची. आता काम आहे तो भागच दर दोन वर्षांनी वेगळा दिसतो. मार्च २०१९ मध्ये खापरी ते सीताबर्डी मेट्रो सुरू झाली आणि डिसेंबर २०२२ पर्यंत मेट्रोचा पहिला टप्पा पूर्ण झाला. वर्धा रोडला मिहान आणि एम्स आलं. चिंचभवन, सोमलवाडा, जयताळा, बेसा, बेलतरोडी ही नावं ऐका, गावांचीच आहेत. तिथलं गावठाण अजून जिवंत आहे. एका बाजूला कवेलूची घरं आणि म्हशींचा गोठा, दुसऱ्या बाजूला लिफ्टची इमारत आणि कॉफीचं दुकान. मेट्रो आली, जागेचे भाव चढले, घरमालकांनी जुन्या खोल्या पाडून फ्लॅट बांधले, जुने भाडेकरू आणखी पुढे सरकले. असा अर्धा जुना, अर्धा नवा भाग सगळ्यात फसवा असतो. आणि आपल्या पोरीला परवडणारी खोली बहुतेक तिथेच मिळते.

अशा भागाला लोक दोनच मापं लावतात. चकाकी बघून चांगला म्हणतात, नाहीतर जुनी बदनामी ऐकून वाईट म्हणतात. आमच्या मते दोन्ही मापं खोटी आहेत.

बदनामीचं उदाहरण नागपूरचंच आहे. कस्तुरबानगर वस्तीचं नाव १३ ऑगस्ट २००४ ला देशभर गेलं. त्या दिवशी वस्तीतल्या बायकांच्या जमावाने अक्कू यादव नावाच्या गुंडाला जिल्हा न्यायालयाच्या आवारातच ठार मारलं. कायदा हातात घेणं बरोबर नाही, हे आम्ही म्हणूच. पण त्याआधी वर्षानुवर्षं त्या बायका त्याचे अत्याचार सोसत होत्या आणि आपल्या तक्रारींची दखल घेतली जात नाही असं सांगत होत्या. बाहेरचे मात्र अख्ख्या वस्तीलाच गुंडांची वस्ती म्हणून मोकळे झाले. त्रास देणारा एक आणि त्याची टोळी, सोसणारी शेकडो घरं, आणि नाव खराब झालं सोसणाऱ्यांचं. म्हणून वस्तीचं नाव काय आहे हे विचारून थांबू नका. तिथल्या बाईने तक्रार केली तर पुढे काय होतं, ते विचारा.

आता बघायचं कसं? कॅनडातल्या टोरंटो शहरात १९८९ साली बायकांच्या एका संस्थेने एक साधी पद्धत काढली. बायकांनी मिळून आपला भाग पायी फिरायचा आणि कुठे भीती वाटते, का वाटते, ते लिहून काढायचं. पुढे दिल्लीत जागोरी संस्थेने असंच केलं. त्याला मोठं नाव आहे, सुरक्षा परीक्षण, पण आपण शिवारफेरी करतो तसंच ते. पाणी कुठे अडतं हे शेतात फिरल्याशिवाय कळत नाही, तसं पोरगी कुठे अडेल हे त्या रस्त्याने चालल्याशिवाय कळत नाही.

दलाल खोली दाखवतो सकाळी अकराला. अकरा वाजता कुठलाही एरिया चांगलाच दिसतो! तुम्ही पोरीच्या परतीच्या वेळेला जा. ड्युटी रात्री आठला सुटत असेल तर आठला जा, आणि मेट्रो किंवा आपली बसच्या थांब्यावर उतरून खोलीपर्यंत पायी चला. मेट्रोत कॅमेरे आहेत, गार्ड आहेत, उजेड आहे. खरा प्रश्न स्टेशनच्या पायऱ्या उतरल्यावर सुरू होतो. ते शेवटचं अर्धा-एक किलोमीटर बघा. नव्या लेआउटमध्ये खांब असतात पण दिवे लागलेले नसतात, कारण रस्ता अजून महापालिकेच्या ताब्यात गेलेला नसतो. मध्ये मोकळे प्लॉट असतात, त्यावर डोक्याएवढं गवत आणि बाभळी. अर्धवट बांधकामं असतात. दोन झगमगत्या इमारतींच्या मधला तो काळा तुकडा कोणत्याच जाहिरातीत दिसत नाही.

चालताना बाया मोजा. खरंच मोजा. रात्री आठनंतर दहा मिनिटांत किती बाया दिसल्या, एकट्या किती, लेकरू घेऊन किती, ओट्यावर बसलेल्या किती. ज्या रस्त्यावर आजी ओट्यावर बसून लसूण सोलते, तो रस्ता आम्हाला कॅमेऱ्यापेक्षा भरवशाचा वाटतो. गावठाणाच्या गल्लीत हे बऱ्याचदा दिसतं, आणि उंच कुंपणाच्या सोसायट्यांच्या रस्त्यावर चिटपाखरूही नसतं. फाटकाच्या आत सगळे सुरक्षित, पण फाटकापर्यंत यायचं कसं? पानठेल्याचं मात्र सरसकट काही सांगता येत नाही. काही ठेलेवाले येणाऱ्या-जाणाऱ्या पोरींवर लक्ष ठेवून आधार देतात, काही ठिकाणी टवाळांचा अड्डाच असतो. दहा मिनिटं तिथे उभं राहिलं की फरक कळतो.

मग विचारायचं कोणाला? दलालाला नाही, त्याला कमिशन घ्यायचं असतं. घरमालकाला फार नाही. त्या भागातल्या आशाताईला विचारा, अंगणवाडीच्या मदतनीस बाईला, भाजीवालीला, फ्लॅटमध्ये धुणीभांडी करायला येणाऱ्या मावशीला. या बाया पहाटे येतात, उशिरा जातात, आणि जुना-नवा दोन्ही भाग पायाखालून घालतात. त्यातली एखादी आपल्या काटोल-नरखेडकडचीच निघते, मग तर चहाच होतो. पण विचारायची एक रीत आहे. "एरिया सेफ आहे का?" असं विचारलं की "हो, काही नाही होत" असंच उत्तर येतं. आपला मोहल्ला कोणी वाईट म्हणत नाही. असं विचारा: "मावशी, तुम्ही रात्री कोणत्या रस्त्याने घरी जाता? कोणता रस्ता टाळता? तुमच्या पोरीला दुकानात किती वाजेपर्यंत एकटी पाठवता?" या तीन प्रश्नांत सगळं निघतं. ती लांबच्या रस्त्याने जात असेल तर जवळच्या रस्त्यावर काहीतरी आहे, हे समजून घ्या.

खोलीतही बघायचं असतं. आतली कडी पक्की आहे का? संडास-बाथरूम बाहेर असेल तर तिथे दिवा आणि कडी आहे का? दुसरी किल्ली कोणाकडे असते? राहायला जाताना आपलं स्वतःचं कुलूप घेऊन जायचं, शंभर-दीडशे रुपयांचा मामला आहे. जिना एकच असेल आणि त्याच्याखाली सिलिंडर आणि गाड्या कोंबल्या असतील, तर आग लागल्यावर बाहेर कसं पडणार, हेही बघा. भाडेकराराचा कागद करून घ्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची असते. मालक "कागदाची काय गरज, तुम्ही घरच्यासारख्या" म्हणत असेल तर गोड बोलण्यावर जाऊ नका. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देणंही मालकाचं काम आहे. जो मालक ती देतो, तो स्वतःही थोडा जपून वागतो.

आता पाण्याचं. सुरक्षित म्हटलं की आपण फक्त माणसांचा विचार करतो. मोवाडच्या लोकांना हे सांगायला नको. ३० जुलै १९९१ ला वर्धा नदी गावात शिरली आणि दोनशेच्या वर माणसं गेली. नागपुरात २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, अंबाझरी तलाव भरून वाहिला, नाग नदी फुगली, आणि डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी अशा चांगल्या म्हणवणाऱ्या वस्त्यांत लोक झोपेत असताना घरांत पाणी शिरलं. काही जणांचा जीव गेला. म्हणून तळमजल्याची खोली स्वस्त मिळत असेल तर आधी विचारा, नाला किती लांब आहे? त्या पहाटे इथे पाणी कुठपर्यंत होतं? भिंतीवरची ओल नव्या रंगाखाली लपते, पण शेजारच्या जुन्या घरावर पाण्याची रेघ दिसते.

त्या भागाचं पोलीस ठाणं कुठलं, हे खोली घ्यायच्या आधी माहीत करून घ्या. बेलतरोडीत राहणारी बाई हुडकेश्वरला धावते आणि तिथून परत पाठवतात, असं होऊ नये. तसं पाहिलं तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असो, कोणत्याही ठाण्यात तो नोंदवता येतो. त्याला झिरो एफआयआर म्हणतात, हे दोन शब्द पोरीला पाठ करून द्या. तातडीला ११२, महिलांसाठी १८१. घरातल्याच माणसाचा त्रास असेल तर नागपूर पोलिसांचा भरोसा सेल आहे, तिथे समुपदेशन आणि कायद्याचा सल्ला एकाच जागी मिळतो.

एक गोष्ट आम्हाला मुद्दाम बोलायची आहे. एवढं सगळं ऐकून एखादा बाप म्हणेल, "मग कशाला पाठवायची?" आपल्या गावात रात्री आठला वाडीच्या रस्त्याने पोरगी एकटी जाते का? तिथेही दिवा नसतो. भीती नागपूरला नवीन नाही, फक्त तिथे रस्ते ओळखीचे नाहीत. ओळख करून घेतली की निम्मं काम होतं, आणि उरलेल्या निम्म्यासाठी पोरीच्या हातात थोडे पैसे असावेत, उशीर झाला तर ऑटो करता येईल एवढे. पाचशे रुपये भाडं वाचवण्यासाठी अंधाऱ्या टोकाची खोली घेतली तर ते पाचशे ऑटोतच जातात, आणि ऑटो नाही केला तर पोर जीव मुठीत धरून चालते. खोलीचा हिशेब करताना भाडं आणि येणं-जाणं एकत्र धरा.

आमच्याकडे सावरगाव, भिष्णूर, जलालखेडा आणि मोवाडच्या काही गटांनी एक वही सुरू केली आहे. कोणाची पोर नागपुरात कुठल्या भागात राहते, भाडं किती, थांब्यापासून किती मिनिटं, कोणता रस्ता टाळायचा, घरमालक कसा. पोरींचा फोन नंबर वहीत लिहायचा नाही, तो गटाच्या अध्यक्षा ताईंकडेच राहील. भाग बदलत असल्यामुळे वर्षभरापूर्वीची नोंद जुनी समजायची आणि दिवाळीला पोर घरी आली की तिच्याकडून नवी करून घ्यायची. ज्या गटांची वही अजून सुरू झाली नाही, त्यांनी पुढच्या मासिक बैठकीला शंभर पानी वही आणावी, पानं कशी आखायची ते आम्ही तिथेच दाखवू.