कंपायलरच कोसळतो तेव्हा

ड्रायव्हर, बूटलोडर किंवा कर्नलचा कोड लिहिणाऱ्यांना जीसीसीचा 'इंटर्नल कंपायलर एरर' कधी ना कधी भेटतोच. नवखा प्रोग्रामर लगेच स्वतःच्या ओळींत चूक शोधू लागतो. पण कोड चुकीचा असेल तर तसं स्पष्ट सांगणं हे कंपायलरचं काम आहे. चुकीचा कोड वाचून तो स्वतःच कोसळला, तर तोही कंपायलरचाच बग.

आधी मशीन तपासा

तोच बिल्ड पुन्हा चालवा. दर वेळी वेगळ्याच फाइलवर गाडी अडत असेल तर संशय रॅमवर किंवा ओव्हरक्लॉक केलेल्या प्रोसेसरवर घ्यावा आणि मेमटेस्ट रात्रभर चालू ठेवावा. संदेशात 'किल्ड' दिसलं तर बहुधा मेमरी संपल्यामुळे लिनक्सनेच कंपायलर बंद पाडलेला असतो. कर्नलच्या लॉगमध्ये त्याची नोंद सापडते. अशा वेळी मेकला एका वेळी कमी जॉब द्या.

संदेश काय सांगतो

एरर दर वेळी त्याच फाइलवर येत असेल तर संदेश शब्दन् शब्द वाचा. 'अनरेकग्नायझेबल इन्सन' आणि खाली 'एक्स्ट्रॅक्ट_इन्सन' हे फंक्शन, ही जोडी लो-लेव्हल कोडमध्ये ओळखीची आहे. जीसीसी आपला कोड आधी गिंपल आणि मग आरटीएल या अंतर्गत रूपांत आणतो. नंतर आरटीएलची प्रत्येक सूचना त्या प्रोसेसरच्या वर्णनातल्या साच्यांशी जुळवून पाहतो. एकही साचा जुळला नाही की तो तिथेच थांबतो. म्हणजे संदेशात फंक्शन दिसतं ते चूक पकडणाऱ्याचं; चूक करणारा टप्पा बहुतेकदा त्याच्या आधीचा असतो. इनलाइन असेंब्ली, व्हेक्टर इंट्रिन्सिक्स, कमी वापरातले प्रोसेसर या वाटांवर वर्दळ कमी, म्हणून असे बग तिथे लपून राहतात. नव्या आवृत्त्या 'ड्युरिंग आरटीएल पास' असं लिहून कंपायलर ज्या टप्प्यात थांबला त्याचं नावही देतात. ते जपून ठेवा.

कोड लहान करा

सगळ्यात मोलाचं काम हेच. 'सेव्ह-टेम्प्स' पर्याय दिला की सगळे हेडर आत ओतलेली एकच फाइल मिळते. ती युटा विद्यापीठात तयार झालेल्या, कोड आपोआप लहान करणाऱ्या सी-रिड्यूसला द्या. एरर टिकून आहे का, हे तपासणारी छोटी स्क्रिप्ट मात्र आपण लिहायची. त्या स्क्रिप्टने नेमकं तेच फंक्शनचं नाव शोधलं पाहिजे. नुसतं 'एरर आली का' एवढंच विचारलंत तर सी-रिड्यूस भलत्याच बगवर जाऊन पोहोचतो. हजारो ओळींची फाइल अनेकदा दहा-पंधरा ओळींवर येते.

तोवर काम चालू ठेवा

फक्त त्या फाइलसाठी ऑप्टिमायझेशन ओ२ वरून ओ१ वर आणा, किंवा संशयित टप्पा तेवढा बंद करा. लिनक्स कर्नल ओ० वर बिल्ड होत नाही, त्यामुळे तिथे तो मार्ग नाही. केलेला बदल का केला, हे जीसीसीच्या आवृत्तीसह कॉमेंटमध्ये लिहा.

बग कळवताना

आधी जीसीसीच्या बगझिलात फंक्शनच्या नावाने शोधा. ओळीच्या क्रमांकाने नको, तो आवृत्तीगणिक बदलतो. मग आवृत्ती, टार्गेट, पूर्ण कमांड आणि लहान केलेली फाइल द्या. क्लँग हा दुसरा कंपायलर कोसळताना हेडर आत ओतलेली फाइल आणि चालवायची स्क्रिप्ट स्वतःच टेंप फोल्डरमध्ये ठेवतो; जीसीसीमध्ये त्यासाठी 'रिपोर्ट-बग' पर्याय आहे.